रिलोडवाले आणि बिनरिलोडवाले शूटर: काही महिने खेळल्यावर

कीबोर्डचं ‘आर’ बटण गेलं, म्हणजे गेममध्ये बंदूक पुन्हा भरायचं, रिलोडचं बटण. बाकी सगळी ठणठणीत. डब्ल्यू-ए-एस-डी ही चालायची चौकडी सतत बडवली जाते, तिला काही झालं नाही. गेलं ते आर. आधी एकदा दाबलं की दोनदा लागायचं, मग लागेनासंच झालं. एफपीएस, म्हणजे खेळणाऱ्याच्या नजरेतून दिसणारे बंदूकबाजीचे गेम, खेळणाऱ्याला कारण सांगायला नको. एक गडी पडला की रिलोड, तीन गोळ्या उडाल्या की रिलोड, कोपऱ्याआड नुसतं उभं असताना, काहीही घडलेलं नसताना, रिलोड.

वॉरंटी शिल्लक होती म्हणून कंपनीला लिहिलं. (नाव घेत नाही, उगाच जाहिरात कशाला.) खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरात ‘गेमिंग’, स्विच ५ कोटी वेळा दाबला तरी टिकेल असा दावा, आणि उत्तर काय, तर एकाच बटणाचा असा वापर वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, ५ कोटी पुरे झाले हे मोजलं कोणी? त्यावर फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग बिल, मग तेच बिल पुन्हा. शेवटी तक्रार परस्पर बंद केली आणि वर सेवेला किती तारे द्याल म्हणून विचारणा. शंभर बटणं चालू असताना एकासाठी नवा कीबोर्ड घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही. रिलोड माउसच्या बाजूच्या बटणावर टाकलं. अंगठ्याला ते जमेना. जमेपर्यंत म्हणून, ज्यात रिलोडच नाही असे गेम लावले.

माझा मूळ मुक्काम काउंटर-स्ट्राइकमध्ये. त्यातल्या एके-४७चं मॅगझिन ३० गोळ्यांचं, रिलोडला जवळपास अडीच सेकंद, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या अडीच सेकंदांत काय होतं ते बघा. भिंतीपलीकडे पावलं वाजतायत. मॅगझिनमध्ये वीसेक गोळ्या आहेत. समोरच्याने हेल्मेट घातलं असलं तरी एकेची एक गोळी डोक्यात पुरते. म्हणजे गरज शून्य. तरी बोट आरवर जातंच. मॅगझिन निघाल्याचा खट्ट आवाज पलीकडच्यालाही ऐकू जातो, तो नेमका तेव्हाच वळणावरून बाहेर येतो, आणि आपण हातात बिनगोळ्यांची बंदूक घेऊन त्याच्याकडे बघत उभे. हा प्रकार माझ्या बाबतीत इतका नेहमीचा की टीममधले लोक आता ओरडतसुद्धा नाहीत.

व्हॅलोरंटमध्ये तीच गत. तिथे व्हँडल या बंदुकीचं मॅगझिन २५चं आणि फँटमचं ३०चं. व्हँडलने कितीही लांबून एका हेडशॉटमध्ये काम होतं, फँटमने लांबून होईलच असं नाही. तरी मी फँटमच घेतो. पाच गोळ्या जास्त मिळत असताना सोडायच्या कशाला? चांगले खेळणारे यावर हसतात. हसू देत.

आता माझा खरा राग. बहुतेक शूटरमध्ये अर्धं भरलेलं मॅगझिन काढून टाकलं तरी त्यातल्या उरलेल्या गोळ्या आपोआप साठ्यात जमा होतात. कोण काढतं त्या? कोण नव्या मॅगझिनमध्ये भरतं? रिलोडला वेळेपलीकडे काही किंमतच ठेवलेली नाही, म्हणून ही सवय लागते. २००२च्या ‘मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट’मध्ये एम१ गॅरंड ही आठ गोळ्यांची रायफल होती. आठही उडाल्याशिवाय ती रिलोडच व्हायची नाही. तीन उरल्या असतील तर त्या आधी संपवायच्या, मगच पुढचं. तेव्हा चिडचिड व्हायची; पण त्या बंदुकीने गोळ्या मोजायला शिकवलं, पुढच्या गेम्सनी ते विसरायला लावलं.

कॉल ऑफ ड्यूटीची तर वेगळीच तऱ्हा. गोळ्यांचा आकडा भरला की झटकन बंदूक बदलायची, परत तीच घ्यायची, म्हणजे रिलोडचं उरलेलं अॅनिमेशन कापलं जातं. आधी खपून अॅनिमेशन बनवायचं, मग खेळणाऱ्यांनी ते टाळायच्या युक्त्या शोधायच्या. दरवर्षी नवा भाग पूर्ण किमतीत निघतो, त्यात मी पडत नाही.

तर, बिनरिलोडचे गेम. माझं मत आधीपासून ठाम होतं: रिलोड नाही तो शूटर पोरखेळ. १९९३चा डूम लावला. पिस्तूल आणि चेनगनला मिळून २०० गोळ्या, शॉटगनला ५० काडतुसं, आणि संपेपर्यंत हाणत राहायचं. पहिल्या दिवशी बोट सवयीने मेलेल्या आरवर जात होतं. मग हळूहळू लक्षात आलं की रिलोड हे माझं लपायचं निमित्त होतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये भिंतीआड थांबलो की आपण काहीतरी कामाचं करतोय असं वाटायचं. डूममध्ये थांबलात तर नुसतेच थांबलात. इम्प नावाच्या राक्षसाचा आगीचा गोळा येतोय, बाजूला सरका आणि चालू ठेवा.

१९९४च्या डूम २मधली दुनळी मात्र प्रत्येक बारानंतर उघडते, दोन काडतुसं जातात, खाडकन बंद होते. तेही रिलोडच, पण बटण नाही. माझ्या हातात सोडलंच नाही ते, आणि म्हणूनच आवडलं. तेवढ्या वेळात कुठे सरकायचं ते आधीच ठरवून बार टाकायचा, एवढंच आपल्या हातात.

इथवर ‘बरा आहे, जुना आहे’ एवढंच मत होतं. ते फिरलं डूम इटर्नलने. २०२०चा गेम, उशिरानेच घेतला, अर्थात सेलमध्ये. पहिले काही तास शिव्या घातल्या. सुरुवातीला शॉटगनला जेमतेम १६ काडतुसं! दोन खोल्यांत खडखडाट. मी जन्माचा चिकट. रॉकेट मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवायचो आणि भरलेल्या रॉकेटांसकट मरायचो. मग उमगलं की या गेममध्ये साठवणाराच मरतो. चेनसॉचं, म्हणजे यांत्रिक करवतीचं, निदान एका कापणीपुरतं इंधन आपोआप परत येतं. एखादा किरकोळ झाँबी कापायचा, गोळ्यांचा सडा पडतो, उचला आणि पुन्हा उधळा. जीव हवाय तर ग्लोरी किल करा, म्हणजे अर्धमेल्या शत्रूला जवळ जाऊन संपवा, चिलखत हवंय तर त्याला आधी पेटवा. म्हणजे रिलोड आहेच, फक्त तो भिंतीआड उभं राहून होत नाही, शत्रूच्या अंगावर जाऊन करावा लागतो. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा दंडवत.

मरॉडर नावाचा ढालवाला मात्र त्याच गेममध्ये कशाला घुसडला कळत नाही. सगळा गेम धावा म्हणतो आणि हा म्हणतो ठराविक अंतरावर थांबा, माझे डोळे हिरवे चमकले की मारा. मला तो अजून नीट जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही.

मधल्या काळात २०१८चा डस्कही खेळलो. त्यात रिलोडऐवजी बंदूक हातात गरगर फिरवायची सोय दिलीय. उपयोग काही नाही. मी तासन्‌तास तेच करत बसलो.

मग अंगठा सरावला आणि रिलोडवाल्यांकडे परतलो, पण आता नजर बदलली होती. टायटनफॉल २चं कॅम्पेन पुन्हा खेळलो. २०१६ साली बॅटलफिल्ड १ आणि नवा कॉल ऑफ ड्यूटी या दोन बड्या शूटरच्या मध्ये बाजारात सोडून त्याचं वाटोळं केलं. एका बाजूला एक आठवडा, दुसऱ्या बाजूला एक आठवडा. भिंतीवरून पळता पळता रिलोड करता येतो, थांबावं लागत नाही, मला एवढं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इन्सर्जन्सी: सँडस्टॉर्ममध्ये. इथे अर्धं मॅगझिन काढलं की ते अर्धंच पाऊचमध्ये जातं आणि पुढे ऐन मोक्याला तेच हातात येतं. घाई असेल तर दोनदा दाबा, मॅगझिन जमिनीवर पडतं, वेळ वाचतो, गोळ्या गेल्या त्या गेल्या. पडद्यावर उरलेल्या गोळ्यांचा आकडाही नाही, मोजायचं डोक्यात. माझ्यासारख्याला हा गेम म्हणजे माहेर. आता उगाच रिलोड होत नाही, कारण त्याची किंमत दिसते. मॅप मोजकेच, सर्व्हर कधीकधी ओस, ग्राफिक्स माझ्या कार्डाला जड. तरी तो कॉम्प्युटरवरून काढलेला नाही. व्हॅलोरंट काढला. त्याचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर चालू झाल्यापासून बसून असतं, ते मला पहिल्यापासून खुपत होतं, आणि डिस्कवर जागाही हवी होती.

परवा मित्राकडे हाफ-लाइफ: अॅलिक्स खेळायला मिळाला. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून, बटण दाबून मॅगझिन खाली पाडायचं, खांद्यावरून हात मागे नेऊन पाठपिशवीतलं नवं काढायचं, बसवायचं, स्लाइड ओढायची. हेडक्रॅब नावाचा डोक्यावर झेपावणारा प्राणी समोर येऊन उडी मारायच्या तयारीत, आणि मी मॅगझिन पिस्तुलाच्या शेजारी हवेत खुपसतोय. दुसऱ्यांदा मॅगझिन बसलं पण स्लाइड ओढायची राहिली. तिसऱ्यांदा सगळं जमलं आणि नेम चुकला. इतकं हसलो नव्हतो कित्येक दिवसांत. हेडसेट घेणार का, मित्राने विचारलं. किंमत बघितली आणि मला व्हीआरमध्ये गरगरतं असं सांगितलं.