मँचेस्टरचा पतंग, काउआईचा ओ-ओ

माणसाने दोघांचंही घर बदललं. एक टिकला, एक संपला.

ब्रिटनमधला पेपर्ड मॉथ हा पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखा दिसणारा पतंग. गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडं काळवंडली, तसे पांढरे पतंग पक्ष्यांना सहज दिसू लागले. 1848 मध्ये मँचेस्टरला काळा पतंग नोंदला गेला. 1895 पर्यंत तिथे जवळपास 98 टक्के काळेच होते. 1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर हवा निवळली आणि पांढरे परतले. मादी शेकडो अंडी घालते, दरवर्षी नवी पिढी येते. नैसर्गिक निवडीला, म्हणजे परिस्थितीला जुळणारेच टिकण्याला, भरपूर वाव मिळतो.

हवाईतल्या काउआई बेटावरच्या ओ-ओला तो वाव मिळाला नाही. काळसर अंगाचा, मांड्यांवर पिवळी पिसं असलेला हा गाणारा पक्षी. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून डास आले, पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला. उंदीर होतेच, जंगलंही तुटत होती. उरलेले पक्षी अलाकाईच्या उंच, थंड दलदलीत मागे सरकले. 1981 पर्यंत एकच जोडी उरली, 1982 च्या इवा चक्रीवादळानंतर फक्त नर.

ओ-ओची जोडी मिळून गायची. 1987 मधल्या ध्वनिमुद्रणात नर आपली ओळ गातो, मादीच्या ओळीसाठी थांबतो, पुन्हा गातो. मी ते ऐकलंय, आणि ती मधली शांतता मला अजून सहन होत नाही. त्याच्यासोबत मोहोइडी हे अख्खं कुळ संपलं.