असवानला नाईलवर फसलो : ‘पाउंड’ हा शब्द एकटा वापरू नका

मे २०२५मध्ये असवानला एका नावाड्याने माझ्याकडून ४,१५० इजिप्शियन पाउंड आणि ४० अमेरिकी डॉलर उकळले. ठरलेले भाडे २०० पाउंड होते. मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली, त्यातली सहा परकीय चलन विभागात. हे वाचून कोणाला हसू आले तर माझी तक्रार नाही, घरात अजूनही हसतात.

नाईलच्या पूर्व काठाने जाणाऱ्या कॉर्निश रस्त्यावर फेलुकावाले, म्हणजे शिडाच्या होड्यांचे नावाडी, पर्यटकाला कसे गाठतात हे तेथे जाऊन आलेल्यांना वेगळे सांगायला नको. मीही सावध होतो आणि चौघांना वाटेला लावले होते. पाचवा मात्र मागे लागला नाही. तो मुकाट्याने दोरी गुंडाळत बसला होता आणि भाव मीच विचारला. माणसी शंभर, दोघांचे दोनशे पाउंड, दोन तास, एलिफंटाईन बेटाला वळसा घालून पहिल्या कॅटॅरॅक्टच्या, म्हणजे नदीपात्रातल्या खडकाळ खळाळाच्या, खडकांपर्यंत. हॉटेलात तासाला दोन-तीनशे सांगितले होते, त्यामुळे सौदा स्वस्तात पटला म्हणून मी मनातून खूश होतो, हेही लपवत नाही.

तेथेच पत्नी म्हणाली, “अहो, इजिप्शियनच ना? विचारा त्याला.” मी विचारले. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर असते. त्याने ते दिले नाही. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “इंडिया? अमिताभ बच्चन!” आणि आम्ही दोघेही हसलो. भारतीय माणसाला इजिप्तमध्ये हे नाव दिवसातून दहा वेळा ऐकू येते, त्यात नवल नाही, नवल हे की उत्तर न मिळालेला प्रश्न मी पुन्हा विचारला नाही, उलट पत्नीलाच म्हणालो, “अगं, इजिप्तमध्ये इजिप्शियनच असणार, दुसरे कुठले असणार?” हे वाक्य मला अजूनही रात्री झोपेतून उठवते. माझ्या बाजूने एवढेच म्हणतो की पारा बेचाळीसवर होता, सकाळपासून फिलेचे मंदिर पाहून डोके भणभणत होते, आणि पाण्यावरचा गार वारा समोर दिसत असताना चलनाची खातरजमा करण्याइतके भान फार थोड्यांना राहील.

नावाडी बोलका निघाला. १९७०मध्ये पूर्ण झालेल्या असवानच्या उच्च धरणामुळे नाईलचा दरवर्षीचा पूर कसा थांबला, एलिफंटाईनवरच्या दगडी पायऱ्यांवर पूर्वी पुराची उंची कशी मोजत, समोरच्या टेकडीवर तिसऱ्या आगाखानांची कबर कोठे आहे, हे सारे त्याने बिनचूक सांगितले. पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच, असे मी त्याला अभिमानाने ऐकवले. माहिती खरी तर माणूसही खरा, असा हिशेब मी मांडला, आणि बँकेत असा हिशेब मांडणाऱ्या कारकुनाला मीच झापले असते.

पश्चिम काठावर वाळूत उतरवून चहा पाजला. दोन पेल्यांचे ५० पाउंड झाले. मी शंभराची नोट दिली आणि पन्नासाची परत घेतली. ती ५० पियास्टरची, म्हणजे अर्ध्या पाउंडाची होती, हे रात्री समजले. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणून नोट उलटून इंग्रजी बाजू वाचल्याशिवाय सुटे पैसे खिशात घालू नयेत.

चहानंतर वारा पडला असे त्याने जाहीर केले. परत जाता येणार नाही, मोटरबोट बोलवावी लागेल, त्याआधी हिशेब चुकता करा. येथे तरी मला उमगायला हवे होते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून येतो, त्यामुळे दक्षिणेला जायचे ते शिडावर आणि परतायचे ते प्रवाहाबरोबर. प्राचीन चित्रलिपीतही दक्षिणेच्या प्रवासाला शीड उभारलेली होडी आणि उत्तरेच्या प्रवासाला बिनशिडाची होडी काढत, हे सकाळीच आमच्या वाटाड्याने भिंतीवर बोट ठेवून दाखवले होते आणि मी त्याचे छायाचित्रही घेतले होते. संध्याकाळी तोच मी, वाऱ्यावाचून उत्तरेला कसे जायचे या काळजीत वाळूवर उभा होतो.

मी २०० पाउंड पुढे केले. तो म्हणाला, “लंडन पाउंड.” एका स्टर्लिंगला, म्हणजे ब्रिटिश पाउंडाला, तेव्हा सुमारे ६७ इजिप्शियन पाउंड पडत होते, म्हणजे मागणी झाली १३,४०० पाउंडांची. तोवर आणखी दोन तरुण येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. ऊन उतरत होते, पत्नीचा गुडघा दुखत होता, दुसरी होडी दिसत नव्हती. पाकिटातले होते नव्हते ते ४,१५० आणि तिच्या पर्समधल्या वीस-वीस डॉलरच्या दोन नोटा यांवर प्रकरण मिटले. सगळे पैसे एका पाकिटात ठेवू नका. त्यानंतर मोटरबोट आलीच नाही. शीड गुंडाळून आम्ही प्रवाहाबरोबर पंचवीस मिनिटांत धक्क्याला लागलो.

पुढचा अनुभव अधिक संतापजनक आहे. जवळच्या चौकीतल्या शिपायाने पहिला प्रश्न विचारला तो होडीच्या क्रमांकाचा. तो मी टिपला नव्हता. तुम्ही पाय ठेवण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या. होडी पन्नास पावलांवर बांधलेली आहे, चला दाखवतो, असे मी चार वेळा म्हणालो, तर त्याने खुर्ची दाखवली. तासाभराने आलेल्या अधिकाऱ्याने भाडे कोणी ठरवले असे विचारले, मी ठरवले म्हटल्यावर तोंडी सौद्यात पोलीस पडत नाहीत असे ऐकवले, आणि मग नावाडी गरीब आहे, उन्हाळ्यात पर्यटक कमी असतात, असे समजावू लागला. गरिबीचा कळवळा तक्रारदाराच्या पैशाने करणारा अधिकारी मी प्रथमच पाहिला. दुसऱ्या कार्यालयात पाठवले, ते बंद. सकाळी उघडले तेव्हा इंग्रजी येणारा माणूस दुपारी येईल म्हणाले आणि आमची लक्सरची गाडी अकराची होती. आम्ही सहलीचे पैसे ज्याला दिले त्या मध्यस्थाने तर, फेलुका कार्यक्रमात नव्हती, एवढ्यावर हात झटकले.

तेथे पाउंडाला ‘गिनेह’ म्हणतात. भाव ठरवताना ‘गिनेह मसरी’, म्हणजे इजिप्शियन पाउंड, असे त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि आकडा कागदावर लिहून घ्या. तो हसून विषय बदलू लागला तर उठा. नुसते एलिफंटाईन पाहायचे असेल तर स्थानिक लोकांची फेरीबोट आहे.

चौकीतून निघताना अरबी भाषेतला एक कागद पोच म्हणून मिळाला होता. परतल्यावर एका जाणकाराकडून तो वाचून घेतला. त्यात होडीचा उल्लेख नाही, नावाड्याचा नाही, रक्कमही नाही. पर्यटकाचे पैसे हरवले, एवढेच लिहिलेले आहे, आणि खाली माझी सही आहे.