सीओबीआयई: देखभालीच्या माहितीसाठी भक्कम साचा, पण भरून घेणं आपल्या हातात

नवी इमारत ताब्यात येताना कपाटभर फायली आणि पीडीएफ मिळतात. पुढे पंप बंद पडला की त्याचा मॉडेल नंबर हुडकण्यातच वेळ जातो. ही अडचण सोडवायला अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने २००७ च्या सुमारास सीओबीआयई (COBie, इमारतीतल्या जागा आणि यंत्रांची माहिती ठरलेल्या तक्त्यांत नोंदवायची पद्धत) हा साचा आणला. तो साध्या स्प्रेडशीटमध्येही चालतो. एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी वीस वर्षांनी माहिती उघडता येईल, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

रचना विचारपूर्वक केलेली आहे. एकाच मॉडेलची ४० फॅन कॉइल युनिट (एफसीयू, म्हणजे एसीची खोलीत हवा सोडणारी यंत्रं) असतील तर ‘टाइप’ शीटमध्ये एकच ओळ येते: उत्पादक, मॉडेल, वॉरंटीचा काळ, अपेक्षित आयुष्य. ‘कंपोनंट’ शीटमध्ये मात्र ४० ओळी: प्रत्येकाचा सीरियल नंबर, खोली, बसवल्याची तारीख. ‘जॉब’ शीटमध्ये फिल्टर किती दिवसांनी साफ करायचा ते. पिवळे रकाने सक्तीचे, नारिंगी दुसऱ्या शीटशी जोडलेले.

घोळ होतो तो याच जोडण्यांत. टाइपचं नाव म्हणून लिहिलेलं ‘एफसीयू-०१’ आणि शेवटी चुकून स्पेस पडलेलं ‘एफसीयू-०१ ’ ही दोन वेगळी नावं ठरतात, आणि ती ४० युनिट आपल्या टाइपपासून तुटतात. एक्सेल आकडी सीरियल नंबरातली सुरुवातीची शून्यं खातं आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. म्हणून तो रकाना भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलं तर गेलेले अंक परत येत नाहीत.

सगळे रकाने मागू नका, ही आमची ठाम शिफारस. ज्याची दुरुस्ती, तपासणी किंवा बदली होणार तेवढंच मागा: पंप, एएचयू (एसीचं हवा हाताळणारं मोठं यंत्र), विजेचं पॅनेल, लिफ्ट, फायर डॅम्पर (आग लागल्यावर हवेचा मार्ग बंद करणारी झडप). दारांच्या बिजागऱ्या मागितल्या की कंत्राटदार कसंबसं भरतो आणि मोलाची माहितीही त्यात बुडते. सीरियल नंबर यंत्र बसवतानाच नोंदवून घ्या. फॉल्स सीलिंग लागल्यावर नेमप्लेट वाचायला कोणी वर चढत नाही.

रस्ते, पूल, जलवाहिन्यांसाठी मात्र हा साचा तोकडा पडतो, कारण तो मजला आणि खोलीच्या हिशेबाने बांधलेला आहे आणि तिथे जागा चेनेजने, म्हणजे सुरुवातीपासूनच्या अंतराने, सांगावी लागते. अशा कामाला आयएफसी ४.३ (बांधकामाच्या डिजिटल मॉडेलची देवाणघेवाण करायचा खुला फॉरमॅट) बरा. २०२४ मध्ये आयएसओ मानक झालेल्या या आवृत्तीत रस्ते, रेल्वे आणि पूल आहेत.

ताबा घेण्याआधी यादीतली दहा टक्के यंत्रं कुठलीही निवडा आणि नेमप्लेटशी ताडून बघा. चुका निघाल्या तर शेवटचं बिल थांबवता येईल, अशी अट करारातच घाला.