लष्करात घेतलेली स्लीपिंग बॅग, यॉर्कमध्ये वापरलेली

मार्चअखेरीस ग्वाल्हेरात पंखे सुरू झालेले असतात, कूलरला नवी खस लावायची घाई असते. अशा दिवसांत मी स्लीपिंग बॅग मागितली, तेव्हा इथल्या लष्कर भागातल्या त्या दुकानदाराने आधी मला नीट न्याहाळलं आणि मग पोऱ्याला माळ्यावर चढवलं. "माताजी, हिमालय में भी चलेगी," म्हणाला. एक चोवीसशेला, अशा दोन घेतल्या. खोळीवर ठळक ५ अंश छापलेलं होतं. एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या यॉर्कला रात्री तीन-चारपर्यंत उतरतं, असं मुलाने कळवलं होतं. म्हटलं, एक-दोन अंशांचं काय, स्वेटर आहेच.

मुलगा लीड्सला शिकतो. तिथून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. हॉटेलांचे भाव ऐकून तंबूचं ह्यांनीच काढलं. "आपण लष्करचे, छावणीचीच माणसं." खोटं नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याखाली तळ दिला, तो उठलाच नाही. यॉर्कचंही तसंच निघालं. इ.स. ७१ च्या सुमारास रोमन फौजेने तिथे छावणी टाकली, तिचं शहर झालं. त्या फौजेने अंगाखाली काय अंथरलं होतं, एवढंच मला पहिल्या रात्री विचारावंसं वाटत होतं.

कारण वरून ऊब ठीक होती. पाठ आणि कंबर मात्र फरशीवर टाकल्यासारखी गार. अंगाच्या भाराने बॅगेचं भरण चेपतं, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती ती हवाच. खाली फोमची बोटभरही जाड नसलेली पट्टी, तीही त्याच दुकानातली. चेन दर खेपेला अस्तरात अडकायची. रात्री दोनला घाईची लागलेली असताना चेनशी झुंजणं म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी आंबलेलं अंग घेऊन शहर बघितलं. वारा बोचरा, ऊन नावाला. तिथे वेशीला 'बार' म्हणतात आणि रस्त्याला 'गेट'. बूथॅम बारची पाटी वाचून ह्यांनी उगाच आशा धरली. तिथून मंक बारपर्यंत तटावरून चाललो. उतारावर पिवळी डॅफोडिल्स, झाडांमागे मिन्स्टरचे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचे, मनोरे. आमच्या किल्ल्याची चढण नाही, पण तटावर वारा तेवढाच मोकाट. मिन्स्टरमधली पूर्वेची खिडकी १४०५ ते १४०८ या काळात रंगवली, आकाराने जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी. आत वारा नव्हता, म्हणून मी जरा जास्तच भाविक झाले. शॅम्बल्स ही जुनी कसाईगल्ली; दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. तिथे गर्दी फार, पण गर्दीची ऊब चांगली लागली.

संध्याकाळी तंबूत परतल्यावर बॅगेच्या आत शिवलेली चिठ्ठी चष्मा लावून वाचली. कम्फर्ट १०, लिमिट ५, एक्स्ट्रीम उणे ८. खोळीवर छापला होता तो मधला आकडा! मुलाने समजावलं: कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई जिथवर निवांत झोपेल ते तापमान, लिमिट म्हणजे पुरुष अंगाची जुडी करून कशीबशी रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे नुसता जीव वाचेल ते. म्हणजे बायकांनी बघायचा तो आकडा आत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. दुकानदाराला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्याने फक्त खोळ वाचली, मीही तेच केलं.

दुसऱ्या रात्री मुलाने सुपरमार्केटमधून पुठ्ठ्याची खोकी आणली. ती उलगडून फोमखाली अंथरली, वर ह्यांची शाल दुहेरी करून घातली. कंबरेसाठी नेलेली रबरी पिशवी गरम पाण्याने भरून पायाशी घेतली. सकाळी सहापर्यंत जाग नाही.

तेव्हा पाचपैकी तीन तारे. कापड दणकट आहे, शिवण कुठे उसवली नाही, दवाने भिजल्यावर लवकर वाळली. दहा अंशांच्या वर खुशाल घ्या. आमच्या जानेवारीत गच्चीवर मात्र रजईच बरी. फोमची पट्टी त्या दुकानातून घेऊ नका, जाड बघून घ्या. एक तारा चेनसाठी कापला, एक खोळीवरच्या आकड्यासाठी. त्या खोळीत बॅग पुन्हा कोंबणं आम्हा तिघांनाही जमलं नाही. सध्या दोन्ही बॅगा उशांच्या अभ्र्यांत भरून माळ्यावर ठेवल्या आहेत.