नानांची फियाट, भिंतीवर

माझ्या आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, १९७६ सालच्या फियाटचे चित्र मी यंदा इंदूरच्याच एका तरुण चित्रकर्तीकडून काढून घेतले. राजवाड्यामागच्या एका गल्लीत तिचे एका खोलीचे दुकान आहे. तिथे इंदूरच्या गाड्यांची तयार छापील चित्रे विकत मिळतात आणि घरातल्या जुन्या गाडीचे चित्र मागणीप्रमाणे काढूनही मिळते. मी दोन्ही घेतले, आणि दोन्हींबद्दलचे माझे मत बरेच वेगळे आहे.

तयार चित्रांत दर्शनी जागा आहे ती इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्युसेनबर्गला. १९३५ सालच्या या अमेरिकन गाडीची केशरी-काळी, दोनच माणसांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधली होती, आणि परदेशातल्या मोटारवेड्यांना इंदूर हे नाव माहीत असते ते बहुधा हिच्यामुळेच. बॉनेटची न संपणारी लांबी चित्रात छान उतरली आहे. मागे राजवाडा आहे, पण त्याचे मजले मोजले तर सहाच भरतात. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, हा हिशेब इथे शाळकरी मुलालाही पाठ असतो. शिवाय यशवंतरावांचे घर म्हणजे माणिकबाग, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेला सरळ, निराभरण रेषांचा महाल. त्या भिंतीसमोर ही गाडी अधिक शोभली असती. तिथे आता सरकारी करखाते बसते, तेव्हा चित्र काढायला कोण जाणार, हेही खरेच. मी ते चित्र घेतले नाही. त्याऐवजी पीथमपूरला बनणाऱ्या ट्रॅक्सचे, छतावर गाठोडी आणि एक बकरी बांधलेले लहान चित्र घेतले, कारण ते काढणारीने त्या गाडीतून प्रवास केला आहे हे पाहताक्षणी कळते.

नानांच्या गाडीचे काम मात्र वेगळ्याच रीतीने झाले. मी फोटो घेऊन गेलो होतो. तिने ते बाजूला ठेवले आणि आधी गाडीत कोण कुठे बसायचे, डिकीत कायम काय पडलेले असायचे, गाडी बंद पडली की काय करायचे, असे विचारायला सुरुवात केली. मला निम्म्या प्रश्नांची उत्तरे येईनात, म्हणून आत्याला फोन लावला. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात गाडी थांबायची, एवढे मला आठवत होते. आत्या म्हणाली, "अरे, नाना बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आम्हाला दहा मिनिटं रस्त्याकडेला सावलीत बसवायचे." उन्हाळ्यात चढावर इंजिन तापले की पेट्रोलची वाफ होऊन ती पंपात अडकते आणि पुढे पेट्रोल चढत नाही, पंप गार झाला की गाडी निमूट सुरू होते. १०८९ सीसीचे ते इंजिन, आत सहा माणसे आणि वर मे महिना, म्हणजे दुसरे काही होणे शक्यही नव्हते. चित्रकर्तीने शांतपणे पुढचा प्रश्न विचारला: "आत्या, फडकं कसलं होतं?" ते नानांच्या जुन्या पंच्याचे होते.

नानांच्या गाडीच्या पूर्ण झालेल्या चित्रात दसऱ्याची सकाळ आहे. रामबागेतल्या आमच्या दारासमोर गाडी उभी आहे, बॉनेटवर झेंडूचा हार आहे, वायपरमध्ये आपट्याची डहाळी खोवलेली आहे आणि पुढच्या बंपरवर लाल काठाच्या पंच्याचा तुकडा वाळत घातला आहे. नाना दिसतात ते फक्त कोपरापुरते: पुढच्या दाराची त्रिकोणी काच उघडलेली, खिडकीच्या कडेवर टेकलेले कोपर, आणि दुसरा हात स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर. चेहरा टपाच्या सावलीत गेला आहे. फोटोवरून चेहरा काढणे तिला सहज जमले असते. तिने तो काढला नाही, हे मला या चित्रातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. १९७४ साली कंपनीने गाडीचे नाव पद्मिनी ठेवले असले, तरी आमच्या घरात ती अखेरपर्यंत फियाटच राहिली, आणि चित्राखाली तिने शब्दही तोच लिहिला आहे.

एक चूक झाली होती. कच्च्या चित्रात नंबरपाटीवर 'एमपी ०९' लिहिले होते. हा क्रमांक १९८९च्या नव्या पद्धतीचा आहे. त्याआधीच्या पाट्यांवर नुसती तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. सांगितल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती केली, पण जुन्या गाड्यांची चित्रे विकणाऱ्याने हे आधीच पक्के करून ठेवायला हवे.

खरी तक्रार रंगाची आहे. संगणकाच्या पडद्यावर झेंडू पेटल्यासारखा दिसत होता. बाहेरच्या छापखान्यातून आलेल्या पहिल्या प्रतीत तो चक्क विटकरी निघाला. नेहमीच्या चार शाईंच्या छपाईत पडद्यावरचा झगझगीत केशरी मावत नाही, हे तिला ठाऊक होते आणि तरी तिने ती प्रत माझ्यापुढे ठेवली. ज्या गावात चित्रकार देवळालीकरांनी १९२७ साली चित्रशाळा काढली आणि जिथून चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकून बाहेर पडले, त्या गावच्या गिऱ्हाइकाने रंगासाठी एवढे अडून बसणे गैर नाही, असे मी तिला म्हणालो. ती हसली आणि नारिंगी शाई वेगळी असणाऱ्या यंत्रावर, जाड सुती कागदावर, दुसरी प्रत काढून दिली. हार आता पुष्कळ उजळला आहे. पडद्यावरचा झेंडू तो नाहीच, पण बागेतला नक्की आहे.

मोठ्या आकाराच्या या चित्राचे साडेचार हजार रुपये पडले, दुसऱ्या प्रतीचे वेगळे घेतले नाहीत, आणि सगळ्याला मिळून सात आठवडे लागले. चौकट तिच्याकडून करून घेऊ नये: काच साधी लावतात आणि समोर खिडकी असेल तर चित्राऐवजी आपणच दिसतो. मी ती बाहेरून, चकाकी नसलेली काच घालून करवली. दसऱ्याआधी ती मोजकीच कामे घेते, त्यामुळे ज्यांना सणाला चित्र हवे असेल त्यांनी श्रावणातच सांगून ठेवावे, आणि जाताना फोटोंपेक्षा घरातले एखादे वडीलधारे माणूस बरोबर न्यावे.