मॅनेजरांसाठी ऑफिसच्या राजकारणाची कार्यशाळा, बडोदे: तीन तारे

अलकापुरीत एक दिवसाचं प्रशिक्षण. ऑफिसातलं राजकारण नैतिक आहे का हे तपासायला १९८१ साली कॅव्हना, मोबर्ग आणि वेलास्केझ या अभ्यासकांनी मांडलेल्या कसोट्या सरांनी झकास समजावल्या: डावपेचाने बहुतेकांचं भलं होतं का, कुणाचा हक्क मारला जातो का, वागणूक न्याय्य आहे का. मग प्रश्न आला, मीटिंगआधीच आपलं म्हणणं साहेबांच्या कानावर घालणं योग्य का? मकरपुरा औद्योगिक वसाहतीतले आम्ही सगळे साळसूदपणे ‘नाही’ म्हणालो. जेवणाच्या रांगेत प्रॉडक्शनवाले काका हळूच म्हणाले, “ताई, तसं नाही केलं तर बजेट दुसराच पळवतो!” खरी चर्चा तिथे रंगली, आणि सर मात्र प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत होते. दुपारी नुसत्या स्लाइड्स. श्रीखंड उत्तम. फी कंपनी भरणार असेल तर जा.