हेड गॅस्केटचे ३४,४०० रुपये, आणि मी न मोजलेली तीन भोकं

आकडा आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. ३४,४०० रुपये. त्यातले १५,००० आगाऊ आणि १९,४०० गाडी ताब्यात घेताना, दोन्ही यूपीआयने. घेतले ते इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, बदलल्याचे. खरा बिघाड निघाला २६० रुपयांच्या रिलेचा, म्हणजे विजेच्या एका छोट्या स्विचचा.

गाडी स्विफ्ट, २०१५ची, १.२ पेट्रोल. पुण्यात नवले पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरची वॉर्निंग आली, बॉनेटमधून वाफ निघाली. बाजूला घेतो न घेतो तोच ॲक्टिवावरून एक पोरगा हजर. "काका, हीट झाली. पुढंच गॅरेज आहे, ढकलत नेऊ." गॅरेजला गिऱ्हाईक आणून देणारं हे पोरगं तिथं का घुटमळत असतं, ते कुणाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. पण मागे पीएमपीची बस हॉर्न मारत असते, तेव्हा ठाऊक असलेलं सगळं पातळ होतं.

गॅरेजवाल्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, इंजिन चालू केलं, रेस दिली. पाण्यात बुडबुडे. "बघा साहेब, कॉम्प्रेशन मारतंय. हेड गॅस्केट गेलं. अशीच चालवलीत तर इंजिन सीझ होईल, मग ऐंशी-नव्वद हजार." म्हणजे सिलिंडरमधला जळलेला गॅस फुटक्या गॅस्केटमधून पाण्यात येतोय, असं त्याचं म्हणणं. हा खेळ नीट समजून घ्या, कारण तो कुणालाही पटतो. हीट झालेल्या गाडीतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) उकळून बाहेर गेलेलं असतं. पातळी खाली गेली की सिस्टिममध्ये हवा शिरते, आणि इंजिन चालू केलं की ती हवा बुडबुडे होऊन वर येतेच. गॅस्केट धडधाकट असतं तरी येते. बुडबुडे कशाचे हे कळायचं असेल तर इंजिन गार होऊ द्यायचं, कूलंट पूर्ण भरायचं, हवा काढायची आणि मग बघायचं. त्याहून पक्कं म्हणजे निळ्या द्रवाची टेस्ट: रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, त्यातून वर येणारा वायू त्या द्रवातून जातो. जळलेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. पाच मिनिटांचं काम. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं), डिपस्टिक आणि ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरट थर आहे का ते बघणं, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय का ते बघणं. यातलं एकही झालं नाही. झाली ती फक्त झाकण उघडून रेस. (गरम इंजिनाचं झाकण असं उघडणं हा निव्वळ मूर्खपणा आहे, तोंडावर उकळतं पाणी येतं. त्यावरूनच माणूस ओळखायला हवा होता.)

आता बिल. जसंच्या तसं देतो: हेड गॅस्केट २,१५०, हेड फेसिंग २,८००, टायमिंग बेल्ट किट ४,२००, वॉटर पंप २,४५०, थर्मोस्टॅट १,१५०, कूलंट ५ लिटर १,७५०, इंजिन ऑइल ५ लिटर आणि फिल्टर ३,१००, एसी गॅस १ किलो २,४००, इंजिन फ्लश आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,९००, लेबर १२,५००. वर ठळक अक्षरांत "एस्टिमेट", जीएसटी नंबर नाही, सही नाही.

जाणकारांना हे वाचतानाच हसू फुटलं असेल. स्विफ्टच्या या के-सिरीज इंजिनाला टायमिंग बेल्ट (आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) नसतोच. चेन असते. नसलेला बेल्ट बदलण्याचे ४,२०० रुपये मी दिले. बेल्ट आणि वॉटर पंप एकदम बदलायचा सल्ला ज्या इंजिनांत बेल्टच पंप फिरवतो त्यांच्यासाठी असतो. इथला पंप बाहेरच्या ड्राइव्ह बेल्टवर चालतो. म्हणजे हे बिल दुसऱ्याच कुठल्या गाडीचं पाठ केलेलं, माझ्या नावावर उतरवलेलं.

आणि बिलात काय नाही ते बघा, ते जास्त बोलतं. हेड उतरवलं तर टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग लागतं, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग लागतात, हेड बोल्ट तपासावे लागतात आणि बहुतेकदा बदलावे लागतात, टायमिंग कव्हरला नवं सिलिकॉन लागतं. यातलं काहीच बिलात नाही. फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशिनवर सपाट करणं, गॅरेजात होत नाही, हेड मशिन शॉपला जातं, त्यांची वेगळी पावती येते. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड किती वाकलंय ते मोजतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. किती होतं, किती काढलं, हे विचारलं असतं तर तिथंच त्याची ततपप झाली असती.

विचारलं नाही. आणि आता तो क्षण, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

"जुना पार्ट दाखवा" असं मी बजावलं होतं. मी म्हणजे अगदीच भोळा नाही, माझी नोकरी भोसरीत पार्ट खरेदीची आहे. त्याने दाखवला. काळं पडलेलं, एका कडेला जळल्यासारखं गॅस्केट, तेलकट, वर्तमानपत्रावर ठेवलेलं. "इथून फुटलंय बघा," म्हणत त्याने बोट फिरवलं. मी ते हातात घेतलं. उलटं करून पाहिलं. फोटोही काढला. आणि समाधानाने मान डोलावली. त्या गॅस्केटला मोठी भोकं तीन होती. माझी गाडी चार सिलिंडरची आहे. चार सिलिंडरला चार भोकं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगावं लागत नाही. मी हाताने धरून, डोळ्यांनी बघून, मोजलं नाही. जळालेल्या कडेकडेच बघत राहिलो, कारण त्याचं बोट तिकडे होतं. नंतर लोक म्हणाले, घाईत होतं असं. घाई नव्हती. चांगली दहा मिनिटं मी ते गॅस्केट न्याहाळत होतो.

माझ्या बाजूनेही एक सांगू द्या. अंधार पडला होता, ट्यूबलाइट एकच, आणि समोरचा माणूस "कॉम्प्रेशन", "फेसिंग", "थर्मोस्टॅट" हे शब्द इतके सफाईने वापरत होता की शंका घेणं उद्धट वाटावं. शब्द चुकीचे असते तर मी पकडलं असतं.

नऊ दिवसांनी स्वारगेटच्या सिग्नलला गाडी पुन्हा तापली. दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "चालत्या गाडीला तापते का थांबलेल्या?" थांबलेल्या. मोकळ्या रस्त्यावर कधीच नाही. एवढ्यावर निम्मं निदान झालं. गाडी पळते तेव्हा समोरच्या वाऱ्याने रेडिएटर गार राहतो, थांबली की सगळं काम पंख्यावर. गॅस्केट गेलं असतं तर पळतानाही, चढावर तर हमखास तापली असती. त्याने फ्यूज बॉक्समधला रेडिएटर फॅनचा रिले काढला, सॉकेटमध्ये वायरने जोडणी दिली, पंखा भिरभिरला. म्हणजे मोटर शाबूत, रिले मेलेला. शेजारचा तसाच रिले तिथे लावून पाहिला, पंखा चालला. नवा रिले २६०, लेबर २५०, वर टाकलेलं एक लिटर कूलंट ३५०. एकूण ८६०. निळ्या द्रवाची टेस्टही केली, द्रव निळाच राहिला.

आता एसीचं ऐका. गेला महिनाभर सिग्नलला एसी कोमट व्हायचा, गाडी निघाली की गार. हे मी स्वतःच्या तोंडाने पहिल्या गॅरेजवाल्याला सांगितलं होतं. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, हवा ओढणारा पंखा तोच. दोन्ही तक्रारींचं मूळ एक. खऱ्या मेकॅनिकला ही खूण पुरली असती. याने ती ऐकली आणि बिलात एसी गॅसची ओळ वाढवली. तीही १ किलोची! लहान हॅचबॅकच्या एसीत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम गॅस मावतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. शिवाय एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टिम बंद असते. कमी झाला तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

हेडला हात लागलाच नव्हता, हेही दुसऱ्याने दाखवून दिलं. टॅपेट कव्हरच्या बोल्टांभोवती वर्षानुवर्षांचा तेल-धुळीचा थर जसाच्या तसा. पाना लागला की हा थर फुटतो आणि बोल्टाच्या कडा चकाकतात. टायमिंग कव्हरच्या जोडावर कारखान्यातलं जुनं सिलिकॉन, नव्याचा पत्ता नाही. ब्लॉक आणि हेड यांच्या मधून गॅस्केटची कड बाहेरून दिसते, ती गंजलेली. वॉटर पंप जुनाच, रॉकेलने धुतलेला. ऑइल आणि कूलंट तेवढं बदललं होतं. ऑइलचेही पाच लिटर लावले, १२०० सीसीच्या इंजिनाला चार लिटरचा कॅन पुरून उरतो.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, ती फुकटची. जवळच्या चौकीत गेलो. "ती जागा आमच्या हद्दीत येत नाही, सर्व्हिस रोडच्या पलीकडची बाजू त्यांची." पलीकडच्यांकडे गेलो. "अहो, काम तुम्ही करून घेतलंत, पैसे राजीखुशीने दिलेत, गाडी चालवत नेलीत. सिव्हिल मॅटर आहे." तीन भोकांचा फोटो दाखवला. साहेबांनी तो मोठा करून पाहिला आणि मला विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण तो विचारायचं काम त्यांचं नव्हतं. खोटं दाखवून पैसे घेणं याला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे म्हटलं, तर "वकील घेऊन या". अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का नव्हता. शिक्का ज्यांच्याकडे ते बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गेलो तर शिक्का होता, अर्ज सापडेना. वाहनांच्या एका सरकारी कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, व्यवहार परत फिरत नाही. १९३० हा नंबर ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तिथं या प्रकरणाचं काही होत नाही. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडी तपासली, तपासणीचे ८५० घेतले, "हेड उघडलेलं नाही" असं तोंडी सांगितलं, आणि लिहून मागितलं तर "असं लेखी द्यायची आमची पद्धत नाही". अरे, मग ८५० कशाचे घेतलेत? जिथं जावं तिथं माझ्यावर उपकार केल्यासारखं ऐकून घ्यायचे आणि पुढचा दरवाजा दाखवायचे. गाडीचं काम एका दिवसात झालं (म्हणजे झालं नाही), तक्रारीला सात चकरा झाल्या, सात वेळा पार्किंग.

रस्ता उरतो तो ग्राहक आयोगाचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं तक्रार नोंदवून नंबर घ्या. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. पण कागद लागतात, आणि "एस्टिमेट" लिहिलेला चिठोरा हा बिल नव्हे असं समोरचा म्हणणारच. म्हणून पक्कं बिल घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी आकारता येत नाही, आकारला तर तिथंच अडवा.

नवा पार्ट बसवण्याआधी खोक्यासकट दाखवायला सांगा. पार्ट नंबर आणि एमआरपी यांचा फोटो काढा, नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानात एक फोन लावला की भाव कळतो. पैसे गाडी उघडण्याआधी देऊ नका. जुना पार्ट बघून परत देऊ नका, डिकीत टाकून घरी आणा. मी परत दिला, तीही चूक. "कॅम्बर काढला" (चाकाचा उभा तिरकेपणा दुरुस्त केला) म्हणून कुणी हजार रुपये मागितले तर आधीचं आणि नंतरचं मशिनचं प्रिंटआउट मागा. बहुतेक लहान गाड्यांत पुढे फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) ॲडजस्ट होतो. ब्रेक पॅड बदला म्हणाले तर उरलेली जाडी मोजायला लावा, तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर खुशाल बदला. आणि रस्त्यावर हीट झाली तर अर्धा तास काही करू नका. बॉनेट उघडून बसा, ॲक्टिवावाल्याला जाऊ द्या. गार झाली की कूलंट आहे ना ते बघून इंजिन चालू करा, एसी लावा आणि पंखा फिरतो का तेवढं बघा.

परवा गॅरेजवाल्याचा फोन आला, कुणीतरी त्याला माझ्या तक्रारीचं सांगितलं असावं. "साहेब, बेल्टचं चुकून लिहिलं गेलं. ४,२०० परत देतो, तक्रार नाही असं लिहून द्या." बाकीच्याचं काय, विचारलं. म्हणाला, हेडचं काम झालंय, जुनं गॅस्केट तुम्ही स्वतः बघितलंत. ते गॅस्केट आणून दे म्हटलं, तर ते भंगारात गेलं. फोटो माझ्या फोनमध्ये आहे. तोच फोटो तिथल्या तिथं त्याला पाठवला आणि लिहिलं, मोज. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही.